नदीकडे गेलेली पावलं

ग्लाफिरा तेरेंत्येवना आली तेव्हा लुका इपातिचने लाकडी जमिनीला नुकतंच मेण लावून घेतलं होतं. ती दारापासून टेबलापर्यंत चालत आली आणि मागे ओल्या पावलांची एक रांग उमटली. उजवं पाऊल नेटकं, डावं मात्र दर वेळी लांबट, फरपटल्यासारखं. लुका इपातिच मनातल्या मनात चरफडला, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून फडकं हातात धरून उभा राहिला.

"नील साव्विच आपणच?"

"मीच. बसा. आणि हा लुका इपातिच. तीस वर्षं औषधं विकली, आता सल्ले देतो. गिऱ्हाईक मी एकटाच."

नील साव्विच पूर्वी कोर्टाचा तपासनीस होता. पेन्शनीत निघाल्यावरही लोक त्याच्याकडे येत, आणि तो 'आता मी म्हातारा झालो' असं म्हणून प्रत्येकाचं काम घेई. दोघे विधुर, एका घरात राहायचे आणि दिवसातून चारदा भांडायचे.

ग्लाफिराने शाल सोडली नाही. ती ओसोकिनो गावची. नदीपलीकडच्या शाळेत शिकवायची. तिचा भाऊ झाखार चित्रं काढायचा. छातीचा रोगी होता. दोन फेब्रुवारीच्या सणाला भर दिवसा, दुपारच्या आत, तो नदीत बुडाला.

"सगळे म्हणतात त्यानं जीव दिला," ती म्हणाली. "फादर ओनिसिमनी त्याला स्मशानाच्या कुंपणाबाहेर पुरायला लावलं. प्रार्थना नाही, घंटा नाही. आई विचारते, कुठं ठेवलाय त्याला? मी सांगते, बापाशेजारी. चाळीस दिवस आत्मा घराच्या आसपास असतो म्हणतात ना. परवा चाळिसावा. त्यानंतर त्याच्यासाठी कुणी काही म्हटलं नाही, तर तो तसाच जाणार."

"जीव दिला असं का म्हणतात?"

"जिथं बुडाला तिथं आदल्या दिवशी कोंद्रात येफिमिचने बर्फ कापला होता. मासळीच्या तळघरांसाठी दरवर्षी कापतो. अशा खड्ड्याभोवती फरच्या झाडाची रोपं रोवतात, माणूस चुकून जाऊ नये म्हणून. त्यानं शपथेवर सांगितलंय की आदल्या संध्याकाळीच बारा रोपं रोवली होती. दिवसाढवळ्या बारा रोपांमधून माणूस चुकून कसा जाईल? आणि वर ते चित्र."

"कोणतं चित्र?"

"त्याचं शेवटचं. त्याचे अकादमीतले मित्र वादिम ल्वोविच ते पीटर्सबर्गला प्रदर्शनात नेणार आहेत. त्यांनी नावही दिलंय. 'अखेरची संध्याकाळ'."

"त्या दिवशी आपण कुठे होतात?"

"पलीकडे. सणाला मी शाळेतल्या मुलांना घेऊन तिकडच्या चर्चमध्ये गाते. उजाडायच्या आधी निघाले, नाकापुढची वाट तेवढी दिसत होती. परतले दिवे लागताना. दुपारपासून हिम पडत होतं, वाट पार बुजली होती. फरची रोपं दिसली म्हणून त्यांना वळसा घालून आले. काठावर लोक उभे होते."

नील साव्विच उठला आणि त्याने खुंटीवरचा कोट काढला.

"लुका, जमीन नंतर पूस. निघूया."

*

ओसोकिनोला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आकाश गुलाबी होऊन आता जांभळं पडत होतं. नदी, काठ, शेतं सगळं एकाच पांढऱ्या झोपेत होतं, आणि स्लेजच्या घुंगरांचा आवाजही दूरून कुठून तरी आल्यासारखा वाटत होता. लुका इपातिचला पाय आहेत की नाहीत हे कळेनासं झालं होतं.

"गाव आहे की कबरस्तान?" तो कुरकुरला. "एकाही धुराड्यातून धूर नाही. इथे गरम काही मिळेल अशी आशाच नको."

एका झोपडीच्या खिडकीबाहेर कुणीतरी लाल काठाचा पांढरा पंचा वाळत घालून विसरलं होतं. गारठून त्याची फळी झाली होती.

घरात मात्र ऊब होती. म्हातारी आई चुलीवरच्या फळीवर झोपून होती. ग्लाफिराने चुलीच्या पोटातून मडकं ओढलं. आत कोबी आणि अळंब्यांचं सार होतं, उपासाचं, बिनतुपाचं. लुका इपातिचने वाफेत तोंड घातलं.

"हे गरम कसं राहिलं?"

"सकाळचंच आहे," ग्लाफिरा म्हणाली. "दिवसभर चूल गरम राहते ना."

"शहरात आम्ही दोनदा पेटवतो, तरी कुडकुडतो."

"तुमच्या शहरातल्या चुली कसल्या? विटांची कपाटं ती," म्हातारी वरून म्हणाली. मग जरा थांबून, "मुली, त्यांना विचार बरं, आपली लहान कुऱ्हाड दिसली का कुठं. ढलप्या फोडायची. सणापासून सापडत नाही."

"आई, ते आत्ताच आलेत."

"म्हणून काय झालं? सणाच्या दिवशी कुऱ्हाडीला कुणी हात लावत नाही. मग गेली कुठं?"

नील साव्विचने चमचा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. लुकाने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्याला लागला नाही. त्याला सहसा लागत नसे.

चित्र वर पोटमाळ्यावर होतं, नदीकडच्या खिडकीपाशी, भिंतीकडे तोंड करून. म्हातारीने ते तसं ठेवायला लावलं होतं. ग्लाफिराने ते वळवलं आणि दिवा धरला.

हातभर लांबीचंच होतं. वर गुलाबी आकाश, उजव्या कोपऱ्यात करड्या ढगाची पट्टी. खाली झोपड्या, प्रत्येकीतून धुराची सरळ रेघ. मग उतार, गोठलेली नदी, आणि तिच्यात एक काळा चौकोन. अंगणातून पावलांची एकच रांग निघून थेट त्या चौकोनाच्या कडेपर्यंत गेलेली. परतीची पावलं नव्हती. चौकोनाच्या पलीकडे धुक्यात निळे तीन-चार ठिपके, ब्रश झटकल्यासारखे. एका झोपडीच्या खिडकीपाशी पांढरा तुकडा, कॅनव्हास रंगवायचा राहून गेल्यासारखा.

लुका इपातिच बराच वेळ पाहत राहिला. त्याला ते चित्र बघवेना आणि त्यावरून नजरही काढवेना. आपली बायको गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यात तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून असाच खिडकीशी बसायचा.

"नील," तो हळूच म्हणाला, "मला वाईट वाटतं रे. पण हे निरोपाचंच चित्र आहे."

नील साव्विच भिंगातून त्या पावलांकडे बघत होता.

निजण्याआधी त्याने झाखारचे हातमोजे मागून घेतले. प्रेताच्या हातातले, ग्लाफिराने जपून ठेवलेले. लुकाने हुंगले.

"टर्पेंटाइन?" नीलने विचारलं. "चित्रकाराचेच ना."

"मला काय दूधखुळा समजतोस? तीस वर्षं बाटल्या हुंगल्यात. हा फरचा चीक आहे, ताज्या लाकडाचा. बघ, तळहाताला चिकटलाय, बोटांना नाही."

"लुका, तू रत्न आहेस."

"मग दुसरी उशी मला दे."

*

दुसऱ्या दिवशी दोघे वादिम ल्वोविचकडे गेले. तो कोंद्रात येफिमिचच्या घरी उतरला होता. उंच, नाजूक, गळ्याला रेशमी रुमाल. झाखार आणि तो अकादमीत एकत्र होते.

"मी पाच दिवसांनी पोचलो," तो म्हणाला. "चित्र अजून रंगकामाच्या घोडीवरच होतं. बघताक्षणी कळलं. धुरकट सांज, ढग चालून येतोय, घराघरात लोक चुलीपाशी बसलेत आणि एक माणूस सगळ्यांना सोडून चाललाय. पीटर्सबर्गमध्ये लोक याच्यासमोर रडतील."

"संध्याकाळ आहे हे त्यानं कुठे लिहिलं होतं?"

"लिहायला कशाला हवं? दिसतंय की."

"आणि खिडकीपाशी तो पांढरा तुकडा?"

"राहून गेलाय. मन थाऱ्यावर नसताना राहतं."

वादिम ल्वोविचचे डोळे भरून आले होते. लुकाला तो माणूस आवडला नाही, पण त्याचं रडणं खोटं वाटलं नाही.

कोंद्रात येफिमिच अंगणात भेटला. रुंद, दाढीवाला, चर्चचा कारभारी. अंगणात कापलेल्या बर्फाच्या लाद्या पेंढ्याखाली रचल्या होत्या.

"चित्र? ते मी नाताळाच्या आधीच पाहिलंय त्याच्याकडे," तो म्हणाला. "तो काळा खड्डा बायकांची धुण्याची जागा आहे. माझा नव्हे. बिचाऱ्याच्या डोक्यात तेव्हापासूनच ते होतं म्हणा ना."

"आणि रोपं आदल्या संध्याकाळी लावली?"

"शपथ घेतलीय मी."

"काम उशिरापर्यंत चाललं असेल."

"छे. माझी माणसं वाट्टेल तशी राबवून घेत नाही मी. सणाच्या आदल्या संध्याकाळी चर्चची घंटा झाली की हत्यार खाली. घंटेनंतर कुऱ्हाड उचलणं पाप आहे. माझ्या बापापासून चालत आलंय ते."

"फार चांगलं," नील साव्विच म्हणाला आणि टोपी काढून निघाला.

त्या पंचावाल्या झोपडीत मेलान्या नावाची विधवा राहायची. तिने दोघांना क्वासचा, पाव आंबवून केलेल्या पेयाचा, एकेक पेला दिला.

"मावशी," लुकाने सांगितलं, "बाहेर पंचा पार गोठलाय. आत घ्या, फाटेल."

"राहू दे बाबा. त्याला लागतो. आज शेवटचा दिवस, उद्या काढीन."

लुकाला वाटलं म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. नील साव्विचने मात्र पेला खाली ठेवून विचारलं, "धनी केव्हा गेले, मावशी?"

"सणाच्या आदल्या संध्याकाळी. नदीवर दिवसभर करवती चालल्या होत्या. तो म्हणाला, मेलान्या, किती हा आवाज. मग चर्चची घंटा झाली, करवती एकदम थांबल्या, आणि म्हणाला, आता बरं वाटलं. तेवढंच. दिवे लागत होते."

"करवती थांबल्यावर कुऱ्हाडीचा आवाज?"

"नाही रे. सगळं शांत झालं. मी त्याच्यापाशीच बसले होते ना."

मग दोघे नदीवर गेले. बर्फाचा खड्डा पुन्हा गोठला होता, पण बारा रोपं उभी होती. नील साव्विच एकेका रोपापाशी गुडघ्यावर बसून बुंधा बघत होता. लुका एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता.

"मोज," नील म्हणाला.

"बाराच आहेत. आंधळा नाही मी."

"कसे तोडलेत ते बघ."

लुकाने पाहिलं. अकरा बुंधे एका घावात तिरपे छाटलेले. बारावा मात्र कुरतडल्यासारखा होता, सात-आठ लहान घाव, काही भलतीकडेच.

"हा कुणा पोरानं तोडलाय."

"किंवा ज्याला धाप लागते अशा माणसानं," नील साव्विच म्हणाला आणि गुडघ्यांवरचं हिम झटकून उठला.

*

चाळिसाव्या दिवशी झुंजूमुंजू होताना त्याने सगळ्यांना पोटमाळ्यावर बोलावलं. फादर ओनिसिम जिना चढून दमले होते. कोंद्रात येफिमिच दाराशी, वादिम ल्वोविच चित्रापाशी, ग्लाफिरा कोपऱ्यात. खिडकीवर काचेऐवजी बर्फाची फुलंच होती. नील साव्विचने श्वासाने आणि बाहीने एक तावदान पुसून काढलं.

"फादर, बाहेर बघा. मग चित्र बघा."

बाहेर आकाश गुलाबी झालं होतं. प्रत्येक झोपडीतून धुराची सरळ रेघ वर चढत होती. नदी निळसर, गप्प. एक क्षण लुका इपातिचला बाहेरचं कोणतं आणि चित्रातलं कोणतं हेच समजेना.

"अगदी तसंच," फादर पुटपुटले.

"आम्ही परवा संध्याकाळी आलो तेव्हा गावात एकही धुराडं पेटलेलं नव्हतं. लुका त्यावरून कुरकुरला, आणि मला त्याचं कौतुक वाटलं. इथे चूल एकदाच पेटते, पहाटे. शहरात संध्याकाळीही पेटवतात, म्हणून वादिम ल्वोविचना धूर दिसला की संध्याकाळ दिसते. ही सकाळ आहे. त्यानं सांज रंगवलीच नव्हती."

वादिम ल्वोविच चित्रापासून एक पाऊल मागे सरला.

"असेल सकाळ," कोंद्रात म्हणाला. "नाताळाआधीची सकाळ."

"तो पांढरा तुकडा बघा. मेलान्याच्या खिडकीपाशी आहे. भिंगातून त्याला लाल काठ दिसतो. फादर, खिडकीबाहेर पंचा कधी लावतात?"

"घरात कुणी गेलं की," फादर ओनिसिम सावकाश म्हणाले. "चाळीस दिवस. आत्म्याला तोंड पुसायला."

"मेलान्याचा धनी सणाच्या आदल्या संध्याकाळी गेला. त्याआधी तिथे पंचा नव्हता. आणि झाखार सणाच्या दुपारच्या आत बुडाला. मग पंचा आणि सकाळ, दोन्ही असलेलं चित्र एकाच दिवशी निघू शकतं. नाताळाआधी ते कुणी पाहिलं असेल तर त्याची दृष्टी फारच लांबची म्हणायची."

कोंद्रातचा हात दाढीत थांबला.

"म्हणजे हा काळा चौकोन आदल्या दिवशी कापलेला खड्डाच. त्याच्याभोवती बारा रोपं कुठायत? ज्या माणसानं खिडकीतला पंचासुद्धा सोडला नाही, तो बारा फर सोडेल? ती नव्हतीच. करवती घंटेला थांबल्या. घंटेनंतर कुऱ्हाड उचलणं पाप, हे आपणच सांगितलंत, कोंद्रात येफिमिच. मेलान्यानंही घंटेनंतर कुऱ्हाड ऐकली नाही."

खालून चुलीतल्या लाकडांचा तडतडाट ऐकू येत होता.

"मग पावलं?" वादिम ल्वोविचने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. "ती तर त्याचीच आहेत ना? जातात आणि परत येत नाहीत."

"पावलं खड्ड्यापाशी संपत नाहीत. पलीकडे ठिपके आहेत, तीच वाट पुढे जाते. आणि डावं पाऊल बघा. लांबट आहे, ओढलेलं. लुका, आपल्या मेण लावलेल्या जमिनीवर अशी पावलं कुणाची उमटली होती?"

लुका इपातिचने ग्लाफिराकडे पाहिलं. तिने भिंतीला हात टेकवला.

"माझी," ती म्हणाली.

"आपण अंधारात त्या खड्ड्याला चिकटून गेलात, आपल्याला पत्ताही नाही. उजाडल्यावर तो इथे बसला आणि जे दिसलं ते रंगवत गेला. चुली, पंचा, ताईची पावलं. रंगवता रंगवता त्याला कळलं की ती पावलं पाण्यापासून हातभर अंतरावरून गेलीत. आणि हा ढग. वादिम ल्वोविच म्हणतात तो दुःखाचा आहे. तो हिमाचा ढग आहे. दुपारी हिम पडणार, पाण्यावरचा पापुद्रा झाकला जाणार, वाट बुजणार, आणि ताई सांजेला त्याच वाटेनं परतणार. चित्रकाराला आकाश वाचता येतं."

नील साव्विचने कोटातून हातमोजे काढले.

"त्यानं ढलप्यांची कुऱ्हाड घेतली. सणाचा दिवस होता, पण त्यानं तो विचार केला नाही. काठावरचा एक फर तोडला, सात-आठ घाव घालावे लागले. बुंधा दोन्ही हातांनी धरून बर्फावरून ओढत नेला. त्याचा चीक इथे तळव्याला आहे. तो रोवता रोवता कड तुटली. कुऱ्हाड तळाशी असेल. फर वर राहिला. नंतर आलेल्या कोंद्रात येफिमिचच्या माणसांनी सणाच्या भर दुपारी अकरा फर तोडून रोवले आणि तोही त्यांच्यात उभा केला. आजही उभा आहे. हवा तर बुंधा बघून या."

कोंद्रात येफिमिच मटकन पायरीवर बसला. त्याची टोपी घरंगळत खाली गेली, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"घंटा झाली होती हो," तो म्हणाला. "वाटलं, सण होऊ दे, मग लावू. रात्रीत कोण जातंय. पाप नको म्हणून थांबवलं मी, फादर. पाप नको म्हणून. मग त्याची टोपी तरंगताना दिसली, आणि मी घाबरलो."

"घाबरलास ते समजलं," फादर ओनिसिम म्हणाले. "पण क्रॉस हातात घेऊन खोटं बोललास, आणि मी त्या पोराला कुंपणाबाहेर टाकलं. ते माझंही पाप. चल, ऊठ. कुदळ घे, कुंपणाच्या आत खणायचंय. जमीन गोठलेली आहे, तुला दुपारपर्यंत पुरेल. घंटा मी स्वतः वाजवतो."

ते दोघे जिना उतरून गेले. वादिम ल्वोविचने चित्राच्या मागे स्वतः डकवलेली 'अखेरची संध्याकाळ' ही चिठ्ठी नखाने सोलायला घेतली. ती सहज निघेना. शेवटी त्याने रुमाल ओला करून पुसली आणि तोही खाली गेला.

ग्लाफिरा अजून भिंतीशीच होती.

"माझ्यासाठी गेला तो," ती म्हणाली. "चाळीस दिवस मी त्याच्यावर रागावलेय, नील साव्विच. मला एकटीला टाकून गेला म्हणून."

लुका इपातिचने तिच्या हातातला दिवा काढून घेतला, तो तिरका होत होता म्हणून.

खाली म्हातारीने सगळं ऐकलं होतं. पोटमाळ्याच्या फळ्यांतून घरातलं काहीच लपत नाही. तिने चित्र खाली आणायला लावलं, डोळ्यांजवळ धरलं आणि त्या पावलांवरून बोट फिरवलं.

"मी म्हणत होते ना, कुऱ्हाड कुठं गेली," ती म्हणाली. मग पेटीकडे बोट दाखवलं. "माझ्या लग्नातला पंचा काढ. निळ्या कोंबड्यांचा."

"आई, आज चाळिसावा. एकच दिवस उरलाय."

"एकोणचाळीस दिवस तोंड न पुसता दाराशी बसलाय तो. एक दिवस तरी पुसू दे."

ग्लाफिराने खिडकी उघडली. थंडी आत आली. तिने पंचा बाहेरच्या खिळ्याला बांधला आणि तो वाऱ्यावर नीट पसरेपर्यंत हाताने धरून ठेवला. नदीपलीकडे पहिली घंटा झाली, मग ओसोकिनोची. लुका इपातिच आणि नील साव्विच टोप्या काढून अंगणात उभे राहिले, आणि परत जायची घाई दोघांपैकी कुणालाच नव्हती.